ठरलेल्या बजेटमध्ये फ्लॅगशिप फोन: आधी काय ठरवायचं आणि मग काय बघायचं

ओळखीतल्या कुणाला नवा फोन घ्यायचा असला की माझ्यापर्यंत येणारा प्रश्न ठरलेला असतो: "हा घेऊ की तो?" तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. फोन मनात भरलेला असतो, बजेट त्याच्या किमतीपर्यंत ताणलेलं असतं आणि आता फक्त कुणीतरी मान डोलवायची बाकी असते. वर्षभराने हीच माणसं सांगतात की चार्जर वेगळा घ्यावा लागला, स्टोरेज भरलं, अपडेट येणं थांबलं. फोन वाईट नव्हता, निवडीचा क्रम उलटा होता.

म्हणून खाली क्रमच दिला आहे. फ्लॅगशिप म्हणजे कंपनीचा त्या त्या वर्षाचा सर्वात वरच्या श्रेणीतला फोन. ठरलेल्या पैशांत असा फोन मिळू शकतो, फक्त एकेक टप्पा पूर्ण केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

## पूर्वतयारी: आधी जुन्या फोनची चौकशी

नव्या फोनचं एकही नाव डोक्यात येण्याआधी अर्धा तास जुन्या फोनला द्या. सेटिंग्जमध्ये तीन ठिकाणी जा. स्टोरेजमध्ये किती जागा वापरली गेली आणि त्यातली फोटो-व्हिडिओंची किती, ते लिहा. बॅटरीमध्ये सर्वाधिक खाणारी चार अ‍ॅप्स लिहा. स्क्रीन टाइममध्ये रोजचे तास कशात जातात ते बघा.

मग गॅलरीतले शेवटचे शंभर फोटो उघडा. किती रात्रीचे, किती घरातल्या दिव्यात काढलेले, किती झूम करून, किती हलत्या मुलांचे किंवा प्राण्यांचे आणि किती नुसते कागदांचे? मोजा. मला हा मोजण्याचा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण कॅमेऱ्याबद्दल आपण स्वतःविषयी फार चुकीच्या कल्पना बाळगतो. "मला झूम हवाच" म्हणणाऱ्याच्या शंभर फोटोंत झूमचे तीनच निघतात.

शेवटी एक ओळ लिहा: जुना फोन नक्की कशामुळे नकोसा झाला?

तपासा: उत्तर फक्त "बॅटरी टिकत नाही" असं असेल आणि फोनला सुरक्षा अपडेट अजून येत असतील, तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलण्याचा खर्च विचारा. कदाचित पुढचे टप्पे वाचायची गरजच पडणार नाही.

## टप्पा १: रकमेला कुंपण घाला

बजेट म्हणजे फोनची किंमत नव्हे, खिशातून जाणारी एकूण रक्कम. ती १०० धरली तर फोनसाठी ८५ ठेवा. उरलेल्या १५ मध्ये कव्हर, स्क्रीन गार्ड, लागलाच तर चार्जर आणि दोन-तीन वर्षांनी बदलावी लागणारी बॅटरी बसवायची. विमा किंवा वाढीव वॉरंटी घेणार असाल तर तीही यातच.

चार्जरकडे खास लक्ष द्या. अ‍ॅपलने २०२० मध्ये आयफोन १२ पासून बॉक्समधला चार्जर काढला आणि नंतर इतरांनीही तेच केलं. घरातला जुना चार्जर चालेल, पण पूर्ण वेगाने चालेलच असं नाही. सॅमसंगच्या ४५ वॅट चार्जिंगला पीपीएस (गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) असलेला चार्जर आणि ५ अँपिअरची केबल लागते. काही कंपन्यांचं जलद चार्जिंग तर त्यांच्याच चार्जर-केबलवर पूर्ण वेग देतं.

सावध: हप्त्यांवर घेताना महिन्याचा आकडा बघून बजेट वाढवू नका. सगळे हप्ते आणि प्रोसेसिंग फी यांची बेरीज करा आणि ती बेरीज कुंपणाच्या आत आहे का, एवढंच बघा. जुन्या फोनच्या एक्स्चेंजची रक्कमही हातात येईपर्यंत बजेटमध्ये धरू नका. तपासणीत ओरखडा निघाला की ती कमी होते.

## टप्पा २: दोन कामं आणि एक त्याग

पूर्वतयारीच्या टिपणातून दोन कामं निवडा, जी या फोनने उत्तम करायलाच हवीत. दोनच. उदाहरणार्थ, "घरातल्या दिव्यात हलत्या मुलाचा फोटो" आणि "सकाळी सात ते रात्री अकरा बॅटरी". नुसतं "चांगला कॅमेरा" असं लिहू नका. इतकं मोघम लिहिलं तर बाजारातला प्रत्येक फोन त्यात बसतो.

मग काय सोडायचं ते लिहा. बहुतेकांची निवड इथेच फसते, कारण मर्यादित पैशांत सगळं हवं असलं की प्रत्येक गोष्ट मध्यम मिळते. वायरलेस चार्जिंग, लांबच्या झूमची लेन्स, जड गेमसाठीची ताकद, धातू-काचेची घडण यांतलं जे तुमच्या टिपणात कुठेच आलं नाही, ते सोडा.

## टप्पा ३: किंमत वर्षांत मोजा

कोणतीही तुलना करण्याआधी हे गणित शिकून घ्या. महाग दिसणारा फोन स्वस्त ठरतो की उलटं होतं, ते याच्याशिवाय कळत नाही.

फोन चालू राहणं आणि सुरक्षित राहणं वेगळं. सुरक्षा अपडेट थांबले की नव्याने सापडणारी भगदाडं उघडीच राहतात, आणि त्याच फोनवर आपले बँकेचे व्यवहार असतात. म्हणून फोनचं आयुष्य अपडेटच्या शेवटच्या तारखेपर्यंत धरा. ही मुदत तुम्ही फोन घेतल्या दिवसापासून मोजली जात नाही. फोन बाजारात आला तेव्हाच ती सुरू झालेली असते.

एक उदाहरण. सॅमसंगचा गॅलक्सी एस२३ फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, पाच वर्षांच्या सुरक्षा अपडेटचं आश्वासन घेऊन. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एस२४ ला सात वर्षांचं आश्वासन मिळालं. म्हणजे पहिल्याचा आधार २०२८ मध्ये संपतो, दुसऱ्याचा २०३१ मध्ये. दोघांच्या जन्मात एका वर्षाचं अंतर आहे, पण आधार संपण्यात तीन वर्षांचं. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये हीच रेषा ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ पाशी आहे, कारण सात वर्षांचं आश्वासन तिथून सुरू झालं. अशी रेषा कुठे आहे हे माहीत असलं की जुन्या फ्लॅगशिपमधली निवड अर्धी सोपी होते.

आता गणित. तुम्ही फोन किती वर्षं वापरता, ते प्रामाणिकपणे ठरवा. चार धरू. प्रत्येक फोनसाठी चार किंवा अपडेटची उरलेली वर्षं, यातला लहान आकडा घ्या आणि किमतीला त्याने भागा.

- नवा फ्लॅगशिप: किंमत १००, उरलेली वर्षं ७. भागायचं ४ ने. वर्षाला २५.
- मागच्या वर्षीचा: किंमत ७०, उरलेली वर्षं ६. भागायचं ४ ने. वर्षाला १७.५.
- त्याहून जुना, कमी मुदतीचा: किंमत ५५, उरलेली वर्षं २. भागायचं २ ने. वर्षाला २७.५.

सर्वात स्वस्त दिसणारा तिसरा फोन सर्वात महाग पडला. बजेटमध्ये फ्लॅगशिप शोधणाऱ्यांचा पाय सर्वाधिक याच तिसऱ्या ओळीवर घसरतो. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, त्यांच्या जागी तुमच्या समोरच्या किमती घाला.

तपासा: अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या किती वर्षं आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं, हे दोन आकडे बऱ्याचदा वेगळे असतात. कंपनीच्या अधिकृत पानावर दोन्ही बघा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

## टप्पा ४: पाच नावांची यादी

आता नावं. तीन जागी शोधा: मागच्या वर्षीचे मुख्य फ्लॅगशिप, यंदाच्या मालिकेतला सर्वात लहान फोन, आणि वरची चिप (फोनचा मुख्य प्रोसेसर) देऊन कॅमेऱ्यात काटकसर केलेले फोन. जुना पण कंपनीने तपासून वॉरंटीसह विकलेला फोन चालत असेल तर चौथी जागा ती. पाचांपेक्षा जास्त नावं घेऊ नका.

इथे नावांचा घोळ सांभाळा. एस२३ एफई या नावात एस२३ आहे, पण चिप एस२३ ची नाही, आधीच्या पिढीची आहे. स्नॅपड्रॅगन ८एस जेन ३ ही मार्च २०२४ ची चिप नोव्हेंबर २०२२ च्या ८ जेन २ पेक्षा नवी आहे, तरी ग्राफिक्समध्ये तिच्या मागे आहे. तो एक "एस" नजरेतून सुटतो आणि माणूस गेमसाठी चुकीचा फोन घेतो. शिवाय एकाच नावाचा फोन प्रदेशानुसार वेगळ्या चिपसह येतो. गॅलक्सी एस२४ काही देशांत स्नॅपड्रॅगनवर, तर बऱ्याच देशांत सॅमसंगच्याच एक्झिनॉस चिपवर विकला गेला. परीक्षण बघताना परीक्षकाच्या हातातला फोन तुमच्याकडे मिळणाराच आहे ना, ते मॉडेल क्रमांकावरून जुळवा.

पाचही नावांना टप्पा २ आणि ३ च्या चाळणीतून काढा. तीन उरले पाहिजेत.

## टप्पा ५: कागदावरचे आकडे नीट वाचा

चिप आणि उष्णता. वेगाच्या चाचणीत पहिल्या मिनिटाचा गुण सगळेच चांगला मिळवतात. बघायचा तो विसाव्या मिनिटाचा. थ्रीडीमार्क या चाचणी अ‍ॅपच्या वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्टमध्ये एकेका मिनिटाच्या वीस फेऱ्या होतात. परीक्षणांत शेवटच्या फेऱ्यांचे गुण शोधा. पहिल्या फेरीच्या निम्म्यावर आलेला फोन उन्हात व्हिडिओ काढताना किंवा लांबच्या कॉलमध्येही दमण्याची शक्यता असते. सुरुवातीला थोडे कमी गुण मिळवून शेवटपर्यंत टिकणारा फोन मी केव्हाही पसंत करेन.

मेमरी आणि स्टोरेज. "१२ अधिक १२ जीबी रॅम" मधले दुसरे १२ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. ते मोजू नका. स्टोरेज किती घ्यायचं त्याचं उत्तर तुमच्या टिपणात आहे: आजच्या वापराच्या दुप्पट. बऱ्याच फ्लॅगशिपमध्ये मेमरी कार्डची सोय नसते, त्यामुळे ही चूक नंतर सुधारता येत नाही. आणखी एक बारकावा म्हणजे गॅलक्सी एस२३ च्या १२८ जीबी फोनमध्ये यूएफएस ३.१ प्रकारचं स्टोरेज होतं आणि २५६ जीबीमध्ये त्याहून बराच वेगवान यूएफएस ४.०. फोन तोच, वेग वेगळा. तुमच्या यादीतल्या फोनचंही असं आहे का, ते बघून घ्या.

स्क्रीन. हजारो निट्सचे (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) जाहिरातीतले आकडे बहुतेकदा स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरते आणि विशिष्ट व्हिडिओपुरते असतात. उन्हात संदेश वाचायला लागतो तो पूर्ण स्क्रीन पांढरी असतानाचा मोजलेला आकडा. चांगली परीक्षणं तो वेगळा देतात. एलटीपीओ स्क्रीन स्थिर मजकुरावर स्वतःचा वेग १२० हर्ट्झवरून १ हर्ट्झपर्यंत उतरवू शकते आणि त्यामुळे बॅटरी वाचते. कमी प्रकाशात फोन बघून डोळे किंवा डोकं दुखत असेल तर पीडब्ल्यूएमचा आकडा जरूर बघा. बऱ्याच ओलेड स्क्रीन उजेड कमी करण्यासाठी वेगाने बंद-चालू होतात, त्यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. तो वेग काहींमध्ये सेकंदाला २४० वेळा असतो, काहींमध्ये दोन हजारांच्या वर. संवेदनशील डोळ्यांना साधारणपणे जास्त वेग बरा.

कॅमेरा. इथे घाई नको. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा सहसा सोळा पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि ५० मेगापिक्सेलचा बहुतेक कॅमेरा चारांचा एक करून तेवढाच. म्हणून मेगापिक्सेल बाजूला ठेवा आणि सेन्सरचा आकार बघा. तो अपूर्णांकात लिहितात आणि खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. १/१.३ इंच हा १/२ इंचापेक्षा बराच मोठा, आणि कमी उजेडात मोठ्या सेन्सरचा फायदा स्पष्ट दिसतो. ओआयएस, म्हणजे लेन्स किंवा सेन्सर हलवून थरथर सावरणारी यंत्रणा, मुख्य कॅमेऱ्यात हवीच. पण तिने तुमचा हात सावरतो, पळणारं मूल नाही. त्यासाठी शटरचा वेग लागतो आणि तो कागदावर दिसत नाही, पुढच्या टप्प्यात हातानेच तपासावा लागतो. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा मी तरी संख्येत धरत नाही.

बॅटरी. एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचा आकडा) सारखे असूनही दोन फोन वेगळे टिकतात, म्हणून परीक्षणांतले तास बघा. चार्जिंगचे वॅट कमाल वेगाचे असतात आणि तो वेग काही मिनिटंच टिकतो. शून्य ते शंभर किती मिनिटं, हेच विचारा. बॅटरीचं वय चार्ज-चक्रांत मोजतात; एकूण शंभर टक्के बॅटरी वापरली की एक चक्र. अ‍ॅपल स्वतः सांगते की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चक्रांनंतर आणि आयफोन १५ पासूनच्या १००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतील, अशा बेताने बनवल्या आहेत. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनवर लेबल बंधनकारक आहे. त्यात चक्रांची संख्या, पडझड सोसण्याची श्रेणी आणि दुरुस्तीची श्रेणी असते. तुम्ही कुठेही राहत असलात तरी तुमच्या यादीतला फोन तिथे विकला जात असेल तर हे लेबल शोधून वाचा. जाहिरातीपेक्षा ते कितीतरी उपयोगी आहे.

पाणी. आयपी ही धूळ-पाणी रोखण्याची श्रेणी. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. आयपी६८ म्हणजे त्याहून कडक, किती ते कंपनी सांगते. ही चाचणी स्थिर, गोड्या पाण्याची असते. समुद्र आणि साबण त्यात येत नाहीत. उघडून दुरुस्त केलेल्या जुन्या फोनमध्ये हे संरक्षण उरलेलंच नाही, असं धरून चाला.

केबल. सगळी सी-टाइप छिद्रं सारखी नसतात. आयफोन १६ मध्ये यूएसबी २ आहे, सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि १६ प्रो मध्ये १० गिगाबिटपर्यंत. मोठे व्हिडिओ तारेने संगणकावर नेत असाल तरच याचा विचार करा.

## टप्पा ६: हातात घ्या

तिघांपैकी दोन फोन कागदावर पुढे आले असतील. ते प्रत्यक्ष हाताळा, आणि दुकानात जाताना टप्पा २ चं टिपण सोबत न्या.

एका हाताने धरून अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत न्या. वजन ग्रॅममध्ये वाचून कळत नाही, पाच मिनिटं धरून कळतं. कॅमेरा उघडा आणि सोबतच्या माणसाला हात हलवायला सांगून पाच फोटो काढा. किती धूसर आले? मग खिडकीकडे पाठ केलेल्या माणसाचा एक. व्हिडिओ चालू ठेवून एका लेन्सवरून दुसरीवर जा. रंग आणि उजेड उडी मारतात का? सगळे फोटो पूर्ण मोठे करून बघा, कारण छोट्या रूपात सगळेच सुंदर दिसतात.

सावध: दुकानातले प्रात्यक्षिक फोन बहुधा पूर्ण उजेडावर आणि भडक रंगांवर ठेवलेले असतात. तुलनेआधी दोन्ही फोनची स्क्रीन साध्या रंगांवर आणि सारख्या उजेडावर आणा.

## टप्पा ७: वेळ आणि बिल

नवी पिढी जाहीर झाली की आधीची उतरते. सॅमसंगची एस मालिका सहसा जानेवारी-फेब्रुवारीत येते, आयफोन सप्टेंबरमध्ये. त्यानंतरचे काही आठवडे जुन्या पिढीसाठी उत्तम. फार थांबू मात्र नका, कारण हवं ते स्टोरेज आणि रंग आधी संपतात आणि अपडेटची मुदत रोज कमी होत असते. टप्पा ३ चं गणित खरेदीच्या दिवशी पुन्हा करा.

बिलावर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, असायलाच हवा. फोन सुरू केल्यावर डायलरमध्ये स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा अंकी क्रमांक बिलावरच्या आणि बॉक्सवरच्या क्रमांकाशी जुळवा. बाहेरच्या देशातून आलेला फोन स्वस्त मिळत असेल तर दोनच गोष्टी विचारा: तुमच्या नेटवर्कचे बँड (फ्रीक्वेन्सी) चालतील का, आणि वॉरंटी तुमच्याकडे लागू होईल का. एकाचंही उत्तर "नाही" आलं तर सोडून द्या.

वापरलेला फोन घेत असाल तर विक्रेत्याने त्याचं खातं तुमच्यासमोर काढून फोन रीसेट करायला हवा. खातं न काढलेला फोन रीसेटनंतरही जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो. आयफोनमध्ये बॅटरीची क्षमता आणि बदललेले भाग यांची नोंद सेटिंग्जमध्ये दिसते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

## टप्पा ८: परत करण्याची मुदत संपण्याआधी

ही मुदत किती दिवसांची, ते बिल घेतानाच विचारून कॅलेंडरमध्ये लिहा. पहिले दिवस कौतुकात जातात आणि दोष मुदत उलटल्यावर दिसतात.

पहिल्याच रात्री अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर एकरंगी चित्रं उघडा: पांढरं, काळं, गडद करडं. करड्यावर हिरवट किंवा गुलाबी डाग, रेषा, मृत ठिपके शोधा. मग दोन्ही स्पीकर, दोन्ही सिम, स्पीकरवर आणि कानाला लावून कॉल, वायफाय, जीपीएस, बोटाचा ठसा आणि प्रत्येक लेन्स तपासा. अँड्रॉइड फोन असेल तर वाइडवाइन (व्हिडिओंची नक्कल रोखणारी डीआरएम यंत्रणा) एल१ पातळीची आहे का ते एखाद्या डीआरएम माहिती देणाऱ्या अ‍ॅपमध्ये बघा. एल३ असेल तर व्हिडिओ सेवा एचडी चित्र देत नाहीत, मग स्क्रीन कितीही उत्तम असो.

बॅटरीचा निवाडा पहिल्या दोन-तीन दिवसांत करू नका. फोन तेव्हा पडद्यामागे जुने फोटो डाउनलोड करत आणि शोधसूची बनवत असतो. चौथ्या दिवसापासून मोजा. टप्पा २ मधली दोन कामं मात्र पहिल्या दिवसापासून रोज करून बघा. त्यांत फोन नापास झाला तर बाकीचं कितीही आवडलं असलं तरी परत करा.

जुना फोन किमान दोन आठवडे पुसू नका. चॅटचा बॅकअप नव्यावर उघडून बघा. ओटीपी बनवणारी ऑथेंटिकेटर अ‍ॅप्स हाताने हलवा, कारण काहींमधली खाती आपोआप येत नाहीत आणि जुना फोन पुसल्यावर ती परत मिळवायला फार त्रास होतो. बँकेची अ‍ॅप्स नव्या फोनवर नोंदवा आणि प्रत्येकातून एकदा लॉगिन करा. हे सगळं जुळल्यावरच जुन्या फोनमधलं खातं काढा आणि मग तो एक्स्चेंजला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या.